कोकणासारखंच आहे म्हणे

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही श्रीलंकेला चाललोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, सातवीतली लेक आणि माझे आईबाबा. हे जाहीर केल्यापासून ज्याला सांगावं तो एकच वाक्य ऐकवतो, "अगं कोकणासारखंच आहे ते, नारळ, भात, मासे, समुद्र." लिफ्टमधल्या काकू तेच म्हणाल्या, ऐरोलीच्या ऑफिसात तेच, आणि नवऱ्याने तर "मग गुहागरला जाऊ की, पासपोर्ट कशाला" असं म्हणून घेतलं. मी चिडले, पण खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तरी काय माहीत होतं? रावण, जयसूर्या, चहा, आणि 2022 मध्ये टीव्हीवर बघितलेल्या पेट्रोलच्या रांगा. एवढ्या भांडवलावर पाच माणसांची तिकिटं काढायला निघाले होते मी. मग लेकीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली आणि रात्री जेवणं झाली की रोज थोडं वाचून लिहून काढायला लागले. दोन महिने झाले, वही संपत आली.

सुरुवात भांडणापासून झाली. स्टेशनजवळच्या एका टूरवाल्याकडे गेलो होतो, त्याने गुळगुळीत पत्रक समोर टाकलं, मेचा शेवटचा आठवडा, बेंतोटाचा बीच, मिरिस्साला बोटीतून देवमासे, सगळं पॅकेजमध्ये. फोटोत आभाळ निळंशार. मी घरी येऊन सहज नकाशा उघडला आणि पावसाचं बघायला लागले तर लक्षात आलं की हा माणूस आम्हाला भर पावसात समुद्रावर नेऊन बसवणार होता. नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे मुंबई-ठाण्यात यायची सरासरी तारीख 11 जून, केरळात 1 जून, आणि श्रीलंका तर केरळच्याही खाली, म्हणजे मे संपता संपता तिथली पश्चिम आणि दक्षिण किनारपट्टी भिजायला लागते. कोलंबो, बेंतोटा, गॉल, मिरिस्सा सगळं त्याच बाजूला. समुद्र खवळलेला, आणि मिरिस्साचे देवमासे बघायचा सीझन साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्याला फोन करून विचारलं तर म्हणतो, "मॅडम, ट्रॉपिकल कंट्री आहे, थोडा पाऊस असतोच." थोडा!

पण ह्या भांडणातूनच सगळ्यात भारी गोष्ट कळली. श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत, आणि ते आळीपाळीने येतात. देशाच्या मधोमध, जरा दक्षिणेकडे, डोंगर आहेत, सगळ्यात उंच पिदुरुतलागल 2,524 मीटर. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा येतो तो ह्या डोंगरांना अडतो आणि पश्चिमेला धो धो पडतो, पलीकडे पूर्वेला कोरडं. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटं, ईशान्येचा वारा, मग पूर्व आणि उत्तर भिजते आणि पश्चिमेच्या बीचवर ऊन. म्हणजे सह्याद्रीचाच प्रकार, अलीकडे महाबळेश्वर, पलीकडे माणदेश, फक्त तिथल्या माणदेशाची पण नंतर पाळी येते. आपल्या माणदेशाच्या नशिबात एवढी वाटणी नाही. शेतीचे हंगामही ह्याच दोन पावसांवर, एकाला यल म्हणतात आणि दुसऱ्याला महा. मे-जूनमध्ये डोंगर उतरून पूर्वेकडे जो गरम कोरडा वारा सुटतो त्याला कच्चान असं नाव आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला कच्चा कांदा ऐकू आलं.

तर पॅकेज कॅन्सल, आणि आमचा समुद्र ठरला पूर्वेचा, त्रिंकोमाली. मेमध्ये तिथे शांत निळं पाणी, फक्त उकाडा सहन करायचा, तो काय आपल्याला नवीन आहे का. एप्रिलमध्ये गेलो असतो तर सूर्य बरोबर डोक्यावर असता. आपल्या ठाण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो ना, तिथे तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच होऊन जातो, कारण देश सहा ते दहा अक्षांशात. त्यामुळे दिवसही वर्षभर जवळपास सारखेच, संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडाला की फटकन अंधार. तिन्हीसांजेला निवांत फिरू असं डोक्यात असेल तर ते विसरायचं.

अंतराचं पण असंच. देश केवढा, तर 65,610 चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी. नवरा म्हणाला चार दिवसात अख्खा होईल. कोलंबो ते कँडी 115 किलोमीटर आणि लागतात तीन-साडेतीन तास, कारण अरुंद वळणावळणाचा रस्ता, मध्ये गावं, टुकटुक, बसेस. त्याला म्हटलं, मानपाड्याहून संध्याकाळी सातला गायमुखला किती वेळात पोचतोस रे? घोडबंदर रोडवर राहणाऱ्याने किलोमीटरवर विश्वास ठेवावा म्हणजे कमाल आहे. गप्प बसला. मग कोलंबोत शिरायचंच नाही असं ठरलं, विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथून थेट वर अनुराधपूर, मग त्रिंकोमाली, येताना सिगिरिया (प्रचंड कातळावरचा जुना किल्ला), कँडी, आणि एक रात्र नुवारा एलिया. ती एक रात्र आईसाठी, त्याचं पुढे सांगते. रात्रीचा प्रवास नको हे पण ठरवलं, हबरणाच्या बाजूला रस्त्यावर हत्ती येतात.

आता भाषा. इथे मी जरा वाहवत गेले हे कबूल.

मला वाटायचं सिंहली म्हणजे तमिळसारखं काहीतरी असणार, दक्षिणेला आहे म्हणून. लिपी बघितली तर सगळी जिलबी. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान फाटतं म्हणून अक्षरं गोल झाली असं सांगतात. पण सिंहली आपल्या घरची निघाली हो, संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, मराठीची लांबची बहीण. आकडे बघा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही कळलं नाही, मग युक्ती सापडली, बऱ्याच ठिकाणी 'स'चा 'ह' होतो. सातचा हत, सहाचा हय. आणि आपण तरी काय करतो, 'दश'चं दहा आपणच केलंय की! भाताला तिकडे म्हणतात बत. गावाला गम. मिठाला लुनु, म्हणजे आपल्या लोणच्यातलं लोण. मांसाला मस्. "माझं नाव" म्हणजे "मगे नम". आजचा दिवस म्हणजे अद, अद्य वरून. आभार मानायला इस्तुती, म्हणजे सरळ सरळ स्तुती. आणि भेटल्यावर आयुबोवन, आयुष्य लाभो असा आशीर्वादच. आईला हे जाम आवडलं, नुसतं हाय-हॅलो काय करायचं म्हणाली.

सगळ्यात कहर म्हणजे "ठीक आहे, बरं बरं" ह्याला ते म्हणतात "हरि हरि". बाबा रिटायर झाल्यापासून दिवसातून पन्नास वेळा खुर्चीतून उठताना हेच म्हणतात. त्यांना वेगळं काही शिकायची गरज नाही.

पोर्तुगीजांनी पण काम करून ठेवलंय. ते 1505 मध्ये तिथे पोचले, आपल्या ठाण्यावर 1737 आणि वसईवर 1739 पर्यंत त्यांचंच राज्य होतं, त्यामुळे सामायिक सामान बरंच. साबणाला तिकडे सबन. पावाला म्हणतात पान! म्हणजे बाबांनी जेवणानंतर हौसेने पान मागितलं तर ब्रेड येणार. नंतर डच आले, ते बटाट्याला अर्तापल म्हणायला शिकवून गेले, आणि आपला 'बटाटा' तिकडे बतल होऊन रताळ्याला चिकटला.

एवढं सगळं पाठ केल्यावर लक्षात आलं की आम्ही समुद्रासाठी जिथे मुक्काम टाकतोय त्या त्रिंकोमालीत तमिळ बोलणारे खूप आहेत. हसू नका. तिथे जाऊन मी ऐटीत "आयुबोवन" म्हणणार, समोरचा हसून उत्तर देईलही, पण ह्या दोन भाषांमध्ये काय काय होऊन गेलंय ते वाचल्यावर मला ते इतकं सहज वाटेना. 1956 साली एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला, पुढे गोष्टी बिघडत गेल्या आणि 1983 ते 2009 यादवी युद्ध. सव्वीस वर्षं. मी कॉलेजात होते तेव्हा हे पेपरात आतल्या पानावर यायचं आणि मी उलटून पुढे जायचे. आता वहीत वेगळं पान केलंय, वणक्कम म्हणजे नमस्कार, नंद्री म्हणजे धन्यवाद, वेंडाम म्हणजे नको. लेकीला सांगून ठेवलंय की युद्धाबद्दल कोणी आपणहून बोललं तर ऐकायचं, आपण जाऊन विचारायचं नाही.

त्रिंकोमालीचं आणखी एक. तिथे समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आताचं नंतर बांधलेलं. आईला नाव सांगितलं तर तिला ऐकू आलं कौपिनेश्वर, म्हणाली तलावपाळीला तर दर सोमवारी जाते मी, तिकडे कशाला. त्याच गावाबाहेर कन्निया नावाची गरम पाण्याची सात कुंडं आहेत, रावणाने आईच्या क्रियाकर्मासाठी जमिनीत तलवार खुपसली आणि पाणी आलं अशी कथा. आमच्यासाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीच झाली ती.

रावणावरून घरात वेगळंच महाभारत झालं (रामायण म्हणायला हवं खरं). आईला नुवारा एलियाजवळचं सीताअम्मनचं देऊळ बघायचंय, अशोकवाटिका तीच असं मानतात. बघू की, पण मी तिला सांगितलं की तिकडे रावण म्हणजे नुसता खलनायक नाही, कित्येक लोक त्याला आपला विद्वान, पराक्रमी राजा मानतात, 2019 मध्ये श्रीलंकेने पहिला उपग्रह सोडला त्याचं नाव रावणा-1. आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आपण दसऱ्याला जाळतो ते त्यांना सांगू नका." गॉलजवळ रुमस्सल म्हणून एक टेकडी आहे, हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा तिथे पडला म्हणे, तिकडे मात्र ह्या वेळी जमणार नाही, पावसाची बाजू. आणि नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे, म्हणजे ते अख्खं गाव आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. मेमध्ये ट्रॉपिकल देशात स्वेटर न्यायचा हे बाबांना पटवायला तीन दिवस लागले.

खाण्याचं मी सोडून दिलं होतं, कारण कोकणासारखंच ना, आई शाकाहारी असली तरी भात, वरण, फणसाची भाजी मिळेलच. मिळतं. कोवळ्या फणसाच्या भाजीला पोलोस म्हणतात, डाळीला परिप्पु, तांदळाच्या पिठाचे आप्पे नव्हेत पण आप्प असतात वाटीसारखे, आणि कवठाचं सरबत, जे ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, कारण हल्ली आपल्याकडे महाशिवरात्रीला सुद्धा चांगलं कवठ शोधावं लागतं. मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल नावाच्या माडाची काकवी. पण मेख अशी की तिथे उम्बलकड नावाचा सुकवलेला मासा असतो, ट्यूनाचाच, लाकडासारखा कडक, आणि त्याची कूट कुठेही जाते. नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, भाज्यांत सुद्धा. आपण गोडा मसाला जितक्या सहज टाकतो तितक्या सहज. त्यामुळे "व्हेज आहे का" विचारून भागत नाही, त्यांच्या हिशोबात ती भाजीच असते. आईसाठी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मस् एपा, मालु एपा, उम्बलकड एपा. मालु म्हणजे मासे, एपा म्हणजे नको. आणि आग्रह झाला तर ॲती, म्हणजे पुरे.

देवळातले नियम लेकीला आधीच सांगितले कारण तिचं सगळं आयुष्य सेल्फीत आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे हा खरंच अपमान समजतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. भर उन्हात दगडी फरशी तापते म्हणून मोजे न्यायचे ही टीप मला फार उपयोगी वाटली. लोक पांढरे कपडे घालून जातात. त्यावर आई: "पांढरं नेसून देवळात? अहो बसलेत समोर माझे." म्हटलं बाई, सक्ती नाही, तू तुझी हिरवी नेस.

दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी असते, पोया म्हणतात. दारू मिळत नाही. वर्षातली सगळ्यात मोठी पौर्णिमा वेसाकची, आपली बुद्धपौर्णिमा, आणि ती आमच्या तारखांमध्ये बसतेय. नवऱ्याची थंड बीअर गेली, पण रस्तोरस्ती कागदी कंदील आणि दन्सल असतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत वाटणारे मांडव, आपल्या वारीच्या वाटेवर असतात तसेच.

आणि सोपारा. हे मला कोणी सांगितलं असतं तर थाप वाटली असती.

महावंस नावाचा जुना पाली ग्रंथ आहे, श्रीलंकेच्या राजांचा इतिहास त्यात सांगितलाय. त्यात सिंहलींचा मूळपुरुष विजय, बापाने सातशे माणसांसकट देशाबाहेर काढलेला, जहाजातून भरकटत भरकटत आधी सुप्पारकाला लागतो. सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा, नालासोपारा! त्याच्या पोरांनी तिथे इतका दंगा केला की जीव धोक्यात आला आणि परत जहाजात बसावं लागलं, मग लंकेला पोचला. म्हणजे नालासोपाऱ्यात त्यांना सरळ वागता आलं असतं तर श्रीलंकेचा इतिहास विरार लोकलच्या लाईनवर घडला असता. कथाच आहे, मान्य, पण लिहिणाऱ्याला दीड हजार वर्षांपूर्वी सोपारा बंदर माहीत होतं एवढं तरी खरं.

मग एका रविवारी सकाळी सहाला निघून घोडबंदरवरून तिकडे गेलो. बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या जागेला, विटांचा स्तूप आहे, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला, आत दगडी पेटी निघाली. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. आजूबाजूला वस्ती, आणि मध्ये हे शांत. आम्ही चौघंपाचजण सोडून कोणी नव्हतं. आता जोडून बघा, त्याच अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली, अनुराधपूरला लावली, आणि ते झाड आजही उभं आहे. माणसाने लावलेलं, लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड मानतात त्याला. लेकीने विचारलं, "म्हणजे इथे ज्याने दगडावर लिहायला लावलं त्याच्याच मुलीचं झाड बघायला जायचंय?" हो म्हटलं. मग तिने स्तूपाकडे पाठ करून सेल्फी घ्यायला मोबाईल वर केला आणि स्वतःहूनच खाली घेतला.

अनुराधपूरच्या भागात तळीच तळी आहेत, वेव म्हणतात, कोरड्या मुलखात पावसाचं पाणी साठवायला राजांनी बांधलेली, आणि अजून वापरात. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूने पोलोन्नरुवात एवढं मोठं बांधलं की नावच पराक्रम समुद्र. बाबा हे ऐकून उसासा टाकून म्हणाले, ठाण्यातले किती तलाव त्यांच्या डोळ्यांदेखत बुजले. मग त्यांनी नावं मोजायला सुरुवात केली आणि जेवण गार झालं.

डासांचं विचारलंत तर, मलेरिया नाही, 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला, डेंग्यू मात्र आहे. ओडोमॉस बॅगेत गेलं. वेळ आपलीच, घड्याळ बदलायचं नाही. सिगिरियाला साधारण बाराशे पायऱ्या, बाबा खाली बसणार, मी आणि लेक चढणार, वरची भित्तिचित्रं बघून अजिंठा आठवतो म्हणतात, बघू.

काल संध्याकाळी आईबरोबर जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गेले होते. भाजीवाल्याने नेहमीसारखी न मागता कोथिंबिरीची दुसरी जुडी पिशवीत कोंबली. आई ठसक्यात म्हणाली, "एपा!" तो बघतच राहिला. लेक म्हणते, "आजी, त्रिंकोमालीला वेंडाम." आई म्हणाली, "वेंडाम." भाजीवाला म्हणाला, "मावशी, घ्यायची की नाही ते मराठीत सांगा."

वीस रुपयाला दोन होत्या, घेतल्या.